मोठी मशीन

साबण लावला, खोबरेल लावलं, तरी शेषेरावांच्या मनगटातलं चांदीचं कडं निघेना. तरुणपणी घातलेलं ते. हात रुंदावला आणि कडं तिथलंच झालं. त्यात म्हाताऱ्यानं मूठ घट्ट आवळलेली.

"धातू अंगावर चालत नाही. आत मोठं चुंबक असतं," एमआरआय सेंटरचा माणूस दारातूनच म्हणाला.

"अण्णा, मूठ सोडा की," शिवशंकर काकुळतीला आला होता.

सकाळी मुरुडजवळ त्याच्याच गाडीवरून पडून अण्णांच्या डोक्याला मार लागला. लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आत रक्त साचतंय का ते आत्ताच बघायला हवं. सीटी स्कॅन करू. इथंच, पाच मिनिटांत." शिवशंकरला ते पटलं नाही. गावात कुणाचंही दुखणं वाढलं की आधी एक्सरे, मग सीटी, आणि काहीच उमजेना की एमआरआय. शेवटी मोठीकडंच जायचं, तर बापाला लहान मशीनवर का भागवायचं? बाईंनी परोपरीनं सांगितलं, की मोठी मशीन उशीर लावते आणि यांच्याकडं वेळ नाही. पण बापाची माया आंधळी असते म्हणतात, लेकाची तरी कुठं डोळस असते? तो अण्णांना उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन आला.

"सोडा ना अण्णा. तुमच्याच भल्याचं हाय."

अण्णांची मूठ सुटली. कडं अलगद हातात आलं. शिवशंकरचा जीव भांड्यात पडला.

"निघालं ओ! घ्या आत," त्यानं हाक मारली, आणि मग त्याचं लक्ष अण्णांच्या तोंडाकडं गेलं.

आल्या पावली तो अण्णांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडं धावला. त्यांनी हाती होते तेवढे प्रयत्न केले. नंतर त्या त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तारामती मुरुडहून जीपनं आली तेव्हा अण्णांवर चादर ओढून झाली होती. पोटभर रडून झाल्यावर तिनं लेकाच्या मुठीतलं कडं काढून घेतलं, पदरानं पुसलं आणि त्याच्याच मनगटात चढवलं.

"जिवाला लावून घिऊ नको, लेकरा. मोठ्या मशीनला नेलतंस न्हवं त्येन्ला?"

"हाव, माय."

"मंग? लेकानं ह्याच्याहून काय करावं?"