मागच्या चाकांच्या चकत्या

नाल्याच्या काठावर जीप थांबवून चुडामण मिस्तरी खाली उतरला. ओणवा होऊन त्याने मागच्या दोन्ही चाकांच्या आतून हात फिरवला. विसरवाडीहून निघताना पाहिलं होतंच. तरी पाहिलं.

मागचे ब्रेक त्याने पार बदलले होते. मूळचे ड्रम काढून टाकले होते आणि सुरतेच्या भंगारात सापडलेल्या एका विलायती मोटारीच्या लोखंडी चकत्या तिथे बसवल्या होत्या. ड्रममध्ये पाणी शिरलं की आतले लायनर नुसते घसरतात. चकती उघडी असते, फिरता फिरता पाणी झटकते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखं धरता येतं. जुळणी करायला त्याला दीड महिना लागला होता. लष्कराच्या लिलावातल्या जीपवर असलं काम आसपास कोणी केलेलं नव्हतं. चुकलं तर विचारायलाही कोणी नव्हतं.

बन्सीलाल पाटील काठावरच्या चिंचेखाली उभे होते. जीप त्यांची. मागच्या आषाढात त्यांचा थोरला मुलगा पितांबर हाच नाला ओलांडून पुढचा उतार उतरताना याच जीपसकट दरीत गेला होता. त्याच्या आठ दिवस आधी ब्रेकचं काम चुडामणनेच केलं होतं. पाण्याने ब्रेक धरले नसतील, असं त्याने सांगितलं. कोणी वाद घातला नाही. फक्त लोकांच्या गाड्या त्याच्याकडे येईनाशा झाल्या, नवापूरला जाऊ लागल्या.

"मिस्तरी, आजून बी येळ शे," बन्सीलाल म्हणाले. "मन नई व्हत तर ऱ्हाऊ दे. भंगारमा दी टाकू."

"नई आप्पा. आज काय ते कळी जाऊ द्या."

तो चढायला वळला, तर शेजारच्या सीटवर रेवाबाई बसलेली. पितांबरची आई. पदर कमरेला खोचून, समोरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून.

"माय, तुम्ही उतरा. पुढला ड्रम भिजतीन. मांगली चाकं धरतीन का नई, मालेच माहीत नई."

"म्हनीसनच बशेल शे मी."

बन्सीलाल दोन पावलं पुढे आले. बायकोचं तोंड पाहून तिथेच थांबले.

जीप पाण्यात शिरली. मधोमध, जिथे पाणी चाकांच्या आसापर्यंत होतं, तिथे चुडामणने ती मुद्दाम उभी केली. पुढचे ड्रम पुरते भिजू द्यायचे होते, म्हणजे सारी परीक्षा मागच्या चकत्यांची होईल. मग पलीकडचा काठ चढला, छोटी चढण संपली आणि समोर उतार आला. डाव्या हाताला सागाचं रान, उजव्या हाताला दरी. खाली, रस्ता वळतो तिथे, मातीचा कठडा अजून फुटलेलाच होता.

पहिल्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत गाडीला मागे धरून होतं. चुडामणचा पाय ब्रेकवर टेकलेला होता, पण त्याने तो अजून दाबला नव्हता.

"गिअर काढ," रेवाबाई म्हणाली.

त्याने ऐकलं न ऐकलं केलं.

"काढ. पितांबर असाच उतरे. पेट्रोल वाचस म्हने."

दरीतून जीप वर ओढली, तेव्हा गिअरचा दांडा न्यूट्रलला होता. ते चुडामणने एकट्यानेच पाहिलं होतं आणि आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याने दांडा मध्ये ओढला. इंजिनचा आवाज एकदम खाली बसला आणि जीप मोकळी सुटली.

वळण भराभर जवळ यायला लागलं. त्याने पाय दाबला. पुढची चाकं फिरतच राहिली, जणू ब्रेक नव्हतेच. त्याने आणखी दाबला. मागून करकर असा, त्याने कधी न ऐकलेला आवाज आला, मागची चाकं खडीवर जाम झाली आणि जीपची शेपटी दरीकडे सरकू लागली. त्याने पाय सैल केला, शेपटी रस्त्यावर येऊ दिली, मग हळूच, अंड्यावर ठेवावा तसा पाय पुन्हा ठेवला आणि दाबत नेला.

जीप थांबली. कठडा चार हातांवर होता.

मागच्या चाकांतून वाफ निघत होती.

"त्या दिवशी बी दांडा न्यूट्रलमा व्हता, ते तुले माहीत व्हतं ना?" रेवाबाईने विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली.

"मंग सांगं का नई?"

"तुमना पोटना आंडोर व्हता, माय. त्यान्हा माथे कसं टाकू?"

तिने दांडीवरचा एकेक हात सोडवला. बोटं पांढरी पडली होती. हात तसेच मांडीवर ठेवून ती समोरच्या फुटक्या कठड्याकडे बघत राहिली.

"उनाळामा याच रस्ताले मी त्यान्हा बाजूले बशेल व्हती," ती म्हणाली. "त्यानी गिअर काढा, मी देखं. मी बी काही सांगं नई."

वरून बन्सीलाल हाका मारत धावत येत होते. रेवाबाईने मागे वळून पाहिलं नाही.

"आते चाल," ती म्हणाली. "गिअर टाक."

चुडामणने क्लच दाबला, दांडा पहिल्या गिअरमध्ये ढकलला. ब्रेकवरचा पाय मात्र त्याला उचलता येईना.