कुठल्या बाजूनं?

"हातावरचं पेरावर निभावलं म्हणायचं," मॅनेजर हसत म्हणाला, आणि त्याच दमात त्यानं वीस हजारांचा आकडा सांगून टाकला.

"साहेब, उजव्या हाताचं बोट आहे," दीर खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "जन्मभराचं झालं ते. वीस हजारांत काय होतंय?" घासाघीस करावी तर त्यानंच. भाजीवाल्यापासून घरमालकापर्यंत त्यानं आजवर कुणाला सोडलं नव्हतं, म्हणून तर घरच्यांनी त्याला सोबत धाडलं होतं.

ती त्याच्या शेजारी बसली होती, पट्टीत गुंडाळलेलं बोट मांडीवर ठेवून. खाली पुठ्ठा कापणारी मशीनं धडधडत होती. वरच्या या काचेच्या खोलीत तो आवाज पायांतून चढत होता. ती तोच ऐकत होती.

"पंचवीस."

"तीस करा, साहेब. सगळं घर आमच्या आईवर पडलंय."

"बरं, तीस. पट्टी निघेपर्यंत बसून काम. पण बाईंनी एवढं लिहून द्यायचं, की चूक त्यांची होती. लक्ष दुसरीकडे होतं."

"देतील की! त्यात काय?"

"लक्ष दुसरीकडे नव्हतं," ती म्हणाली. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली. "पुठ्ठा अडकला होता. मशीन बंद करूनच हात घातला. पातं आपोआप खाली आलं. शिट्टी ऐकू आली म्हणून हात मागे घेतला, नाहीतर मनगटापासून गेला असता."

"कसली शिट्टी?" दिरानं विचारलं.

मॅनेजरनं विचारलं नाही.

खालच्या त्या गोंगाटात हाक मारून उपयोग नसे. म्हणून तिच्या आधी त्या मशीनवर असणारी म्हातारी मावशी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायची. पुठ्ठा संपला, शिट्टी. साहेब आले, शिट्टी. बाईमाणसानं शिट्ट्या काय मारायच्या म्हणून फिटर चिडवायचा, तर त्याच्या कानाशी जाऊन आणखी एक. गेल्या वर्षी त्याच मशीननं मावशीला बाहीसकट आत ओढलं. दवाखाना गाठेपर्यंतही ती टिकली नाही. तेव्हापासून कारखान्यात कुणी शिट्टी वाजवली नव्हती. बंदी नव्हती, पण कुणाची छाती झाली नाही.

"गोळ्यांची गुंगी आहे हो, साहेब," दीर घाईघाईनं म्हणाला. "मनावर घेऊ नका."

मॅनेजर तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. मग त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "कुठल्या बाजूनं आली?"

"मागून. डाव्या कानाशी."

त्याचा हात नकळत स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला. तो उठून काचेपाशी जाऊन उभा राहिला. खाली त्या मशीनवर आज दुसरी एक बाई होती.

"पस्तीस देतो," मागे न वळताच तो म्हणाला. "काही लिहून नको. फक्त खाली कुणापाशी हे बोलू नका."

दिराचा आनंद गगनात मावेना. मागितल्यापेक्षा जास्त! तो हात जोडणार, तोच ती म्हणाली, "वीसच द्या. पण पात्याला जाळी बसवा."

"वहिनी!"

"जाळीनं काम निम्म्यावर येतं, बाई," मॅनेजर म्हणाला. "मालक मला फाडून खातील."

"मग एक दिवस तुम्ही उभे राहा तिथं."

मॅनेजरनं काचेतून पुन्हा खाली त्या बाईकडे पाहिलं. मग त्यानं फोन उचलला आणि फिटरला वर बोलावलं.

फाटकाबाहेर आल्यावर दिराचा बांध फुटला. "पंधरा हजारांवर पाणी सोडलंत! घरी काय सांगू मी? शिट्टी ऐकू आली म्हणून?"

"भाऊजी, तुम्ही व्हा पुढे. मी येते मागून."

"आता कुणासाठी थांबायचंय?"

ती फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. तो पुटपुटत निघून गेला.

पाळी सुटली. बायका दोघी-तिघी मिळून बाहेर आल्या. कुणी पट्टी बघून चुकचुकली, कुणी पाठीवरून हात फिरवला. "येतेस का?" असं विचारणारीला तिनं नुसती नकारार्थी मान हलवली. गर्दी ओसरली. शेवटची बाई कोपऱ्यावर दिसेनाशी झाली.

वॉचमननं फाटक ओढून कुलूप लावलं. "आत कुणी राहिलं नाही, बाई," तो म्हणाला.

"माहितेय," ती म्हणाली आणि चालू लागली. एरवी तिची चाल भरभर असे. आज ती पावलं आखडून, सावकाश चालत होती, वाहनांच्या बाजूला स्वतः राहून, आतली बाजू मोकळी ठेवून. वडीलधारं माणूस सोबत असलं की आपण चालतो तशी.