विसावी फेरी

धायरीच्या माळावर दरवर्षी वीस फेऱ्यांची मोटारशर्यत व्हायची. सत्त्याण्णव साली चौदाव्या फेरीत एक गाडी उलटली, चालक जागीच गेला आणि शर्यत कायमची बंद पडली.

पुढे माळावर आयटी कंपनीचं पार्किंग झालं. शर्यतीत झेंडा दाखवणारे ज्ञानदेव तिथंच वॉचमन झाले. दरवर्षी शर्यतीच्या रविवारी, भर दुपारी, रिकाम्या पार्किंगभोवती एका गाडीचा आवाज एकच फेरी घालून जाई. ज्ञानदेव चौदाव्या फेरीपासून पुढे मोजत राहिले.

आज बायको, मालनबाई, डबा घेऊन आली. "अवं, ह्यो झेंडा कशापायी काढलाय?"

"विसावी हाय. झेंडा दावल्याबिगर गाडी थांबत न्हाय."

आवाज जवळ आला. ज्ञानदेवांनी झेंडा हलवला. इंजिन बंद झालं.

मग दोघांच्या अगदी पाठीमागे, रिकाम्या जागेत, गाडीचं दार उघडलं.