निम्मा रस्ता

पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला आणि वत्सलाबाईंनी रस्त्यावर पाऊल टाकलं. एका हातात बांगड्यांची पेटी, दुसऱ्या हातात पदर. अमरगोळच्या या हमरस्त्यावर त्यांच्या सासऱ्यांनी निपाणीहून येऊन बांगड्यांचं दुकान मांडलं होतं. पण हा रस्ता एकटीनं ओलांडायची वेळ त्यांच्यावर बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

समोरच मीनाक्षीची खानावळ. पूर्वी मधे साधा रस्ता होता. दुपारी गिऱ्हाईक थंडावलं की वत्सलाबाई चपला न घालताच पलीकडं जायच्या. मीनाक्षी तव्यावरची ज्वारीची भाकरी काढायची, शेजारी भरल्या वांग्याची एण्णगाई वाढायची आणि दोघी एका ताटात जेवायच्या. मग रस्ता रुंद झाला. मधोमध कठडे आले, चिगरी नावाच्या जलद बसला मधून वेगळी वाट मिळाली, दोन्ही बाजूंना काचेची दुकानं उभी राहिली. हुबळी आणि धारवाड वाढत वाढत अमरगोळात येऊन एकमेकांना भिडली. सगळ्यांनाच बरं वाटलं, वत्सलाबाईंनाही. त्यांचा धंदा वाढला. मीनाक्षी तेवढी लांब गेली. दुपारी दोघी आपापल्या दारातून हात करायच्या. मधे बस आली की हात तसाच वर राहायचा.

आज सकाळी मीनाक्षीचा फोन आला होता.

"अक्का, खानावळ देऊन टाकली. गुडघे ऐकत न्हाईत आता. उद्या पल्लवी न्यायला येतीय, बेंगळूरला."

पल्लवी म्हणजे तिची लेक. तिला पहिल्या बांगड्या वत्सलाबाईंनीच भरल्या होत्या.

"आणि मला आज सांगतीस?"

"काल सांगितलं असतं तर तुम्ही काल रडला असता."

वत्सलाबाई भराभर चालत होत्या, तरी रस्ता सरेना. निम्म्यावर आल्या आणि पुढचा दिवा लाल झाला. पलीकडचा रस्ता धो धो वाहू लागला. एक मोटारसायकल पदराला वारा देऊन गेली. त्यांनी कठडा धरला. शेजारी, रस्त्याच्या अगदी मधोमध, बसचा काचबंद थांबा होता. आत जायचं तिकीट काढून त्या बाकावर बसल्या. पेटी मांडीवर घेतली. पुढं जायचा धीर नव्हता, मागं फिरायचाही नव्हता. शेवटी त्यांनी फोन लावला.

"मीनाक्षी, मी निम्म्यात अडकले गं."

"कुठं निम्म्यात?"

"बसच्या थांब्यात."

मीनाक्षी म्हणाली, "तिथंच बसा, अक्का. उरलेलं निम्मं मी येते."

काचेतून वत्सलाबाईंना ती दिसली. काखेत डबा, हातात काठी. दिवा हिरवा झाला तशी ती निघाली. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. ती मधे असतानाच दिवा पालटला. मीनाक्षीनं नुसती काठी आडवी धरली. गाड्या कचकन थांबल्या, हॉर्न वाजले. तिनं तिकडं बघितलंही नाही.

बाकावर टेकून तिनं डबा उघडला. भाकरी अजून ऊन होती.

"शेवटची?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"खानावळीतली शेवटची. जेवा आधी."

दोघी जेवल्या. एकीकडून हुबळीच्या गाड्या जात होत्या, दुसरीकडून धारवाडच्या. थांब्यावर गणवेशातली एक तरणी बाई कामाला होती. तिनं लांबूनच हाक दिली, "अक्का, बस बंतु." बस आली होती. वत्सलाबाईंनी 'पुढची' म्हणून हात हलवला. पुढचीही आली आणि गेली.

मग त्यांनी हात पुसले, पेटी उघडली. आत हिरव्या काचेच्या बांगड्या मांडलेल्या होत्या.

"हात दे."

मीनाक्षीनं सवयीनं हात मागं घेतला. भाकरी थापताना बांगड्या आड येतात, परातीवर आपटून फुटतात, म्हणून ती कधीच घालायची नाही. बांगडीवालीची मैत्रीण आणि हात मोकळे, म्हणून वत्सलाबाई तिला कितीदा बोलल्या होत्या. आज त्यांनी नुसती एक बांगडी पुढं धरली.

मीनाक्षी आपल्या तळहातांकडं बघत राहिली. मग तिनं उजवा हात पुढं केला.

"भरा अक्का. आता कुठं भाकरी थापायचीय?"

तव्यापुढं राबून तो हात लाकडासारखा झाला होता. वत्सलाबाईंनी अंगठा आत मुडपला, सांधे हलके हलके दाबले आणि एकेक बांगडी वर चढवली.

"दुखतंय?"

"न्हाई."

"मग डोळ्यात पाणी कशाला?"

"तुमच्या हाय म्हणून."

आणखी एक बस येऊन उभी राहिली. दारं उघडली, माणसं उतरली, चढली. गणवेशातली बाई आता जवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती.

"किती बसा सोडल्या तुम्ही. जायचंय तरी कुठं?"

मीनाक्षीनं डावा हात वत्सलाबाईंच्या मांडीवर ठेवला.

"मी पोचले गं," ती म्हणाली.