आमच्या घरचे

"आमदारसाहेब, घरी कोण असते तुमच्या?"

प्रश्न सभेच्या मागच्या बाजूने आला. पंच्याऐंशीची निवडणूक, नागपुरातल्या कोष्ट्यांच्या वस्तीतली शेवटची सभा. बळीराम धकाते इथलाच. इथूनच दोनदा निवडून आलेला. विचारणारा तरुण मात्र वस्तीतला नव्हता. त्याच्यासारखे आणखी काहीजण मैदानाच्या कडेने उभे होते, हात मागे बांधून.

"आतेभाऊ म्हण," शेजारी बसलेले भैय्याजी पुटपुटले. पक्षाचे ते शहराध्यक्ष. बळीरामला पहिलं तिकीट त्यांनीच मिळवून दिलं होतं. "सकाळी ठरलं ना आपलं? आतेभाऊ म्हण अन् मोकळा हो."

बळीरामने माइक जवळ ओढला. समोर बायका बसल्या होत्या. त्यातल्या कितीतरी जणींच्या तापलेल्या लेकरांच्या उशाशी रामाजी कधी ना कधी बसला होता. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तो कंपाउंडर होता.

"रामाजी असतात," बळीराम म्हणाला.

"ते कोण लागतात तुमचे?"

"आपल्या बाया म्हणतात ना, 'आमच्या घरचे'? तसे ते माह्या घरचे आहेत."

हसायला आलेली ती कडेची पोरंसुद्धा हसली नाहीत. त्यांतला एकजण सायकलवर टांग टाकून बातमी सांगायला वस्तीत शिरला.

बळीरामला क्षणभर हलकं वाटलं. मग त्याने पाहिलं, भैय्याजी गळ्यातला पक्षाचा दुपट्टा काढून त्याची घडी घालत होते.

"लोकाईले माहीत नव्हतं काय, भैय्याजी?"

"सगळ्याइले माहीत होतं, पण कोणी बोललं नव्हतं. म्हणून तर दोनदा निवडून आला तू." भैय्याजींनी घडी खिशात ठेवली. "आता कोणालेच माहीत नाही म्हणता येणार नाही. मलेही."

ते मंचाच्या मागच्या पायऱ्या उतरले. त्यांची जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

बळीराम खाली उतरला तेव्हा मैदान जवळजवळ रिकामं झालं होतं. म्हातारी बायजाबाई तेवढी थांबली होती. तिने त्याचं मनगट धरलं.

"काहून सांगितलं गा बाबू? आमी कधी विचारलं होतं काय?"

"तुमी नाही विचारलं, मावशी. त्याइनं विचारलं. खोटं काहून सांगू?"

तिने कडेला पाहिलं. हात मागे बांधलेली पोरं आता तिथे नव्हती.

"आपल्या गल्लीनं नको जाऊ," ती म्हणाली. "मागच्या बोळीनं जाय."

तो आपल्याच गल्लीने निघाला.

दिवस कलला होता. घराघरांतून हातमागांची खटखट चालू होती. तो पहिल्या घरासमोर आला आणि आतला माग थांबला. दुसऱ्या घरापाशी आला, तिथलाही थांबला. तो पुढे गेला तरी थांबलेले माग पुन्हा सुरू झाले नाहीत. दारं उघडी होती. दारात कुणी नव्हतं. मयत झाली तरच त्या गल्लीतले माग असे बंद पडत.

बळीरामने पावलं उचलली. शेवटचा माग थांबला तेव्हा त्याला आपल्याच चपलांचा आवाज ऐकू आला.

रामाजी नुकताच दवाखान्यातून परतला होता. अंगावरचा पांढरा कोटही त्याने काढला नव्हता. शांतता ऐकून तो उंबऱ्यात आला, त्याने गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं,

"कोण गेलं गा?"