पाटीखालचं फुलपाखरू

"शेरडे, सांग तुझ्या मालकाला, असल्या वासात माणूस जगत न्हाई म्हनावं. तू कशी जगतीस, तुझं तुला ठावं."

भिमाआबा कुरकुरले ते शेळीच्या कानाशी. मालक म्हणजे त्यांचाच मुलगा रविराज. तो चार हातांवर पत्र्याच्या शेडमध्ये बसला होता आणि त्याला सगळं ऐकू गेलं. वर्षभर बापलेकांचं बोलणं असंच शेळीमार्फत चाललं होतं. शेळीनं एकदाही निरोप बिघडवला नव्हता.

भाकरी थापता थापता हर्षदानं, रविराजच्या बायकोनं, एक उसासा टाकला. दुपारच्या एसटीनं आबा शिरूर सोडणार होते. दौंडला लेकीकडे, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, कायमचे. सासूबाईंचं वर्षश्राद्ध होईस्तोवर म्हाताऱ्यानं कळ काढली आणि आज पिशवी भरली. घोंगडंसुद्धा घडी करून वर ठेवलं. घोंगडं घेऊन निघालेला माणूस परत येत नाही, एवढं तिला कळत होतं.

रविराज कोरेगावकडच्या एका कारखान्यात फायबरच्या कामाला होता. तिथलं उरलंसुरलं, उग्र वासाचं रेझिन कॅनमधून घरी यायचं. मेलेलं फुलपाखरू साच्यात ठेवायचं, हार्डनर मिसळलेलं पाण्यासारखं रेझिन त्यावर ओतायचं, की काचेसारखा ठोकळा तयार. पंख जसेच्या तसे. दौंडच्या स्टेशनाबाहेर ते चांगले खपायचे. फुलपाखरू आधी सावलीत नीट वाळवायचं, हा त्याचा नियम. अंगात ओल राहिली की आत बुडबुडे धरतात आणि माल वाया जातो.

बुडबुड्यांचा एकच ठोकळा घरात होता. तो देव्हाऱ्यात होता, पूर्वजांच्या चांदीच्या टाकांशेजारी.

कुशाबाई, म्हणजे हर्षदाच्या सासूबाई (ती त्यांना आत्याबाई म्हणायची), गेल्या त्या संध्याकाळी रीतीप्रमाणे सगळं झालं होतं. जीव गेला तिथं पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर वेताची पाटी पालथी घातली. सकाळी पिठावर ज्याची पावलं उमटतील, त्या जन्माला माणूस गेलं असं समजायचं.

सकाळी सगळ्यांसमोर रविराजनं पाटी उचलली. पिठावर काळं-पिवळं फुलपाखरू बसलं होतं. बायका रडायला लागल्या. रविराज तर "आई, आई" करत लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. आबांनी फुलपाखराकडे पाहिलं, मग हर्षदाकडे.

"हाताला हळद लाव," एवढंच म्हणाले.

रविराजनं ओंजळ करून ते शेडमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी बाहेर आला तो ठोकळा घेऊन.

"आपलं आपणच मेलं," तो म्हणाला. "आता आई कुठं जात न्हाई."

तेव्हापासून आबा त्याच्याशी बोलले नाहीत. ठोकळ्याला त्यांनी बोटही लावलं नाही. बुडबुडे घरातल्या सगळ्यांना दिसत होते. त्यावर बोलायचं मात्र कुणी नाव घेत नव्हतं. म्हाताऱ्याला वाटतंय, लेकानं आपल्या कुशाला... त्यापुढचं हर्षदा मनातसुद्धा पुरं करत नसे.

आणि हे सगळं मिटवणारी गोष्ट तिच्याच पोटात होती. ती सांगितली तर आबांना कुशा परत मिळाली असती, पण रविराजची आई गेली असती. रोज कामावर निघताना तो ठोकळ्याला "येतो गं" म्हणून जायचा. त्याच्यापासून ते कसं काढून घ्यायचं?

आबांनी पायात वहाणा सरकवल्या. रविराज शेडमधून आला. त्याच्या हातात रुमालात गुंडाळलेला ठोकळा होता.

"आबा, आईला तेवढं संगं न्या. तुमच्यापाशी राहू दे."

आबांचा हात पिशवीवरून हलला नाही. "शेरडे, सांग त्याला, गाडीची येळ झाली."

तव्यावर भाकरी करपली. हर्षदा तशीच उठली.

"आबा, त्या आत्याबाई न्हवत्या."

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"पहाटं मीच पाटी उचलून बघितली. पिठावर झुरळाची पावलं व्हती. जल्मभर खराटा घिऊन झुरळांमागं पळालेली बाई, आन् तिला झुरळाचा जल्म? कसं दाखवू तुम्हास्नी? पीठ सारखं केलं. परड्यातल्या लिंबोणीवरनं फुलपाखरू काढलं आन् ठिवलं. पहाटं ती गारठल्याली असत्यात, धरली तरी उडत न्हाईत."

रविराज उंबऱ्यावर मटकन बसला. हातातल्या ठोकळ्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याचा चेहरा सैल झाला. वर्षभर खांद्यावर घेतलेलं पोतं कुणी उतरवून घ्यावं तसा.

"म्हंजी आई न्हवती? आबा, ऐकलं का? न्हवती ती आई!" तो हसत होता का रडत होता, कळेना.

आबांनी पिशवी खाली ठेवली. हर्षदाचा जीव भांड्यात पडला. घोंगडं आता परत खुंटीवर जाईल, तिला वाटलं.

"हातावरचं लिंबोणीच्या काट्यांचं वरखाडं मला वळखू येत न्हाईत व्हय, पोरी?" आबा म्हणाले. "त्याच सकाळी कळलं मला."

त्यांनी शेळीला हातानं बाजूला सारलं आणि वर्षात पहिल्यांदाच लेकाच्या डोळ्यांत पाहिलं.

"मला ठावं व्हतं, रव्या. पन तुला कुठं ठावं व्हतं? तू तर आई समजूनच तिला जित्ती बुडवलीस."