बाबांची स्कूटर

“बाबांच्या स्कूटरचा आवाज काढ,” बायको म्हणाली. “आत्ता. दाराबाहेर जाऊन.”

तो जागचा हलला नाही. एरवी तोंडाने आवाज काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने नळ सोडला की खालच्या मजल्यावरच्या बायका बादल्या मांडायच्या. मिक्सर लावला, तेव्हा वीज गेलेली आहे हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. थाप वाटत असेल तर मोबाइलवर बघा. लाखो लोकांनी बघितलंय. सगळ्यांत गाजली ती बाबांची खटारा स्कूटर. तो व्हिडिओ खुद्द बाबांनीच काढला होता, हसून हसून हात हलत असताना.

“ती गंमत होती गं. बाबा होते तेव्हाची.”

“मग जा, आईंना तूच समजाव.”

आई ताटापुढे बसली होती. परवापासून पोटात घास नाही. ‘ते आल्याशिवाय मी जेवत नाही,’ एवढंच. बाबांना मध्यरात्री दवाखान्यात नेलं, तिथेच ते गेले, त्याला सहा महिने झाले. पण हल्ली तिच्या डोक्यात ते टिकत नव्हतं. सांगितलं की रडायची, आणि तासाभराने पुन्हा दाराकडे डोळे. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर बजावून गेले होते.

“ते आले असं वाटलं तर दोन घास जातील रे,” बायको म्हणाली. “फसवल्याचं पाप माझ्या माथी.”

तो बाहेर गेला. दार ओढून घेतलं.

पहिली किक फुसकी गेली. दुसरीही. मग बाबांचं ते खाकरणं, तिसरी किक, आणि स्कूटर धडधडत सुरू झाली.

आत बायकोने कपाळावर हात मारून घेतला. स्कूटर यायला हवी होती, येऊन थांबायला हवी होती. आणि हा शहाणा व्हिडिओतल्यासारखा ती सुरू करून बसला! जिभेला वळणच ते पडलेलं. आता तर गिअरही पडला. कोपऱ्यावरचा हॉर्न झाला. आवाज बारीक होत चालला.

आईने मान वर केली. कान देऊन ऐकत राहिली.

“गेले,” ती म्हणाली.

“आई, अहो...” सून पुढे झाली.

“मागे कसे गेले, मला कळलंच नाही गं. कुणी उठवलंच नाही मला.” तिने पदराने तोंड पुसलं. “आज जाताना ऐकू तरी आले.”

मग तिने ताट जवळ ओढलं.

दाराबाहेर तो बाहीत तोंड खुपसून अजून लांब, लांब जात होता.